काढा, सोलकढी आणि बडीशेपेचे पाणी

दिमोना, अश्दोद, लोद, रामला यांपैकी कोणत्याही गावातील बेने इस्राएल घराच्या बाल्कनीत डोकावले तर पुष्कळदा एका कुंडीत गवती चहा दिसतो. कुंडी कधी ऑलिव्हच्या रिकाम्या डब्याची असते, कधी कानफुटक्या बादलीची. शेजारी पुदिना असतो. त्याला येथे ‘नाना’ म्हणतात. त्यामुळे ‘नाना कुठे आहेत?’ असे आजीने विचारले तर नातू बाल्कनीकडे बोट दाखवतो आणि आजी आजोबांना शोधत असते.

हिवाळ्यात कोणाचा घसा धरला की आजी गवती चहाची दोन पाती कापते, आल्याचा तुकडा ठेचते, चार मिरे टाकते आणि पातेले चुलीवर चढवते. नातवाला तो काढा आवडतो. तो लिहून घ्यायला बसतो आणि विचारतो, ‘आले किती ग्रॅम?’ आजी म्हणते, ‘अंदाजाने.’ ‘पाणी किती?’ ‘दोघांना पुरेल एवढे.’ ‘उकळायचे किती वेळ?’ ‘वास सुटेपर्यंत.’ वही कोरी राहते. आजीची उत्तरे चुकीची नसतात. तिच्या हाताला वजन कळते आणि नाकाला वेळ कळते. पण हात आणि नाक वहीत उतरत नाहीत आणि आजीबरोबर तेही जातात.

त्याच नातवाला दुकानात रंगीत पुड्या दिसतात. त्यांवर लिहिलेले असते की हे प्यायल्याने प्रतिकारशक्ती वाढते, पोट साफ राहते, सांधे दुखत नाहीत. आजीच्या काढ्याबद्दल आजीने असे कधीच म्हटलेले नसते. ती फक्त म्हणते, ‘पी, बरे वाटेल.’ घरची पेये मोजून मापून लिहायला घेताना त्यांच्याकडून काय अपेक्षा करावी आणि काय करू नये, हेही त्याच वहीत लिहिले पाहिजे.

या फरकाचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. मिश्नाच्या शब्बाथ या भागाच्या चौदाव्या अध्यायात शब्बाथच्या दिवशी औषध म्हणून काय खावे-प्यावे याची चर्चा आहे. निरोगी माणसे जे खातात-पितात ते आजाऱ्यानेही त्या दिवशी घ्यायला हरकत नाही, असे तेथे सांगितले आहे. दोन पेये मात्र वगळली आहेत. एक म्हणजे ‘मे देकालीम’ नावाचे पाणी आणि दुसरे ‘कोस इकारीन’, म्हणजे मुळ्यांचा पेला. ही दोन्ही काविळीवरची औषधे होती. गंमत अशी की तेच मे देकालीम तहान भागवण्यासाठी प्यायला परवानगी आहे. म्हणजे तहानेचे पेय आणि औषधाचे पेय असा भेद ऋषिमुनींसारख्या त्या जुन्या रब्बींनीही केला होता. गेमारात मुळ्यांच्या पेल्याची कृतीही दिली आहे. त्यात डिंक, तुरटी आणि केशर वजन करून घालायला सांगितले आहे. या पेल्याने कावीळ बरी होते, पण पिणाऱ्याला मूल होत नाही, असाही इशारा तेथे आहे. ज्या पेयात गुण करण्याइतकी ताकद असते त्यात अपाय करण्याचीही असू शकते, हे त्या काळच्या वैद्यांना माहीत होते. शब्बाथला औषधाविषयी आज काय नियम पाळावा हे आपापल्या रब्बींना विचारावे. येथे तो भेद तेवढा लक्षात ठेवायचा आहे, कारण पुढे तो पुन्हा पुन्हा लागणार आहे.

पाणी वनस्पतीतून काय काढते

एखादी वनस्पती पाण्यात घातली म्हणजे तिचे सगळे गुण पाण्यात उतरतात असे नाही. जुन्या आयुर्वेदात पाण्यातून अर्क काढण्याच्या रीतींना वेगवेगळी नावे आहेत. शार्ङ्गधर संहितेत काढ्यासाठी औषधाच्या सोळा पट पाणी घेऊन ते एक अष्टमांश उरेपर्यंत आटवायला सांगितले आहे. ‘फांट’ करताना गरम पाणी औषधाच्या चौपट घेतात, त्यात चूर्ण भिजवतात आणि गाळतात. ‘हिम’ करताना सहा पट थंड पाण्यात रात्रभर भिजत ठेवतात. आजी ही नावे उच्चारत नाही, पण तिन्ही करते. आल्याचा ती काढा करते, गवती चहाचा फांट करते आणि उन्हाळ्यात धणे-जिरे रात्री भिजत घालून सकाळी गाळते तेव्हा ते हिम असते.

आले, दालचिनी, मिरे यांसारख्या कठीण वस्तूंमधून अर्क निघायला उकळी आणि वेळ दोन्ही लागतात. पुदिना, तुळस, गवती चहा या पानांचा सुवास उडून जाणाऱ्या तेलात असतो. गवती चहातील सिट्रालमुळे त्याला लिंबाचा वास येतो. पाने पंधरा मिनिटे उघड्या पातेल्यात खदखदवली तर स्वयंपाकघर छान दरवळते आणि कपात गवताचे पाणी उरते. म्हणून पाने शेवटी घालायची, आच बंद करायची आणि वर झाकण ठेवायचे. झाकणाच्या आतल्या बाजूला जमलेले थेंब परत पातेल्यातच पडू द्यावेत. वास त्यांतही असतो.

हळदीचे निराळे आहे. तिच्यातील कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळते. शरीरात ते शोषलेही फार कमी जाते. काळ्या मिऱ्यातील पिपेरीन ते शोषायला मदत करते. म्हणून हळद दुधात घालून वर मिरपूड टाकण्याची जुनी सवय समजण्यासारखी आहे. मांसाहारी जेवणानंतर दूध चालत नसेल तर नारळाच्या दुधात घालावी. बाजारात हळद मागताना ‘कुरकुम’ म्हणावे. ‘कारकोम’ म्हटले तर केशराचा भाव ऐकावा लागेल.

सोलकढी

पोटाच्या पेयांत बेने इस्राएल घरात पहिला मान सोलकढीचा, आणि त्याला कारण आहे. कोकणात शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जेवणाच्या शेवटी ताक असते, नाहीतर सोलकढी. आपल्याकडे मटण किंवा कोंबडी शिजली की त्या जेवणात दूध, दही, ताक काहीच चालत नाही. पुढेही बरेच तास थांबावे लागते. अनेक घरांत सहा तास थांबतात. मग जडान्नानंतर घशाला गार आणि पोटाला हलके असे काय द्यायचे? नारळाचे दूध हे नावाला दूध, पण गाईगुरांशी त्याचा संबंध नाही. ते मांसाबरोबरही चालते आणि दुधाच्या जेवणातही. रस्सा, सांधण, चिकाचा हलवा यांत नारळाचे दूध जसे मुरले तशी सोलकढीही मुरली. शेजाऱ्यांकडून घेतलेली वस्तू आपल्या नियमात इतकी नेमकी बसली की ती बाहेरून आली हे कोणाच्या लक्षातही राहिले नाही.

कोकमाच्या ताज्या फळाला रातांबा म्हणतात. एप्रिल-मे महिन्यांत ते पिकते आणि पावसाआधी घाईने उतरवावे लागते. रातांबे फोडून बिया बाजूला काढतात. सालींना त्यांच्याच रसात पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात वाळवतात आणि काळसर लवचीक आमसुले तयार होतात. रसात मीठ घालून ठेवला तर त्याला आगळ म्हणतात. साखर घालून केलेले सरबत म्हणजे अमृतकोकम. येथे इस्राएलमध्ये भारतीय सामानाच्या दुकानांत आमसुले बहुधा मिळतात. आगळ मिळेलच असे नाही. रक्तदाब असलेल्यांनी एरवीही आगळ टाळावे, कारण त्यात मीठ फार असते. मधुमेह असलेल्यांनी अमृतकोकम टाळावे. उरली आमसुले. ती दोघांनाही बरी. विकत आणलेली आमसुले खारट लागली तर कढीत वरून मीठ घालू नये.

चार माणसांसाठीचे माप असे. दहा-बारा आमसुले धुऊन एक कप कोमट पाण्यात अर्धा तास भिजत घालावी, मग हाताने कुस्करून पाणी गाळून घ्यावे. मध्यम आकाराच्या एका नारळाचे खोबरे थोडे थोडे कोमट पाणी घालून वाटावे आणि पंचातून पिळावे. पहिले घट्ट व दुसरे पातळ दूध मिळून दोन ते अडीच कप निघते. लसणीच्या दोन पाकळ्या, अर्धी हिरवी मिरची आणि पाव चमचा जिरे एकत्र ठेचून त्यात घालावे. मग आमसुलाचे पाणी थोडे थोडे मिसळावे, चव पाहावी आणि कोथिंबीर घालावी. कोथिंबीर आधी मिठाच्या पाण्यात बुडवून किड्यांसाठी तपासून घ्यावी. सोलकढी चुलीवर ठेवू नये. आंबटाने आणि उष्णतेने नारळाचे दूध फाटते.

ताजा नारळ येथे महाग पडतो आणि फोडल्यावर खवट निघण्याची भीती असते. डब्यातील नारळाचे दूध वापरावे लागले तर एक भाग दुधाला दोन भाग पाणी घालावे, नाहीतर कढीऐवजी खीर होते. डब्यावर हेक्शेर पाहावा, आणि घटकांची यादीही वाचावी. काही पावडरींमध्ये गाईच्या दुधातील प्रथिन मिसळलेले असते. मग सोलकढीचा सगळा मुद्दाच संपतो.

सोलकढीचा रंग कोकमाच्या सालीतील ज्या द्रव्यांमुळे येतो त्यांना अँथोसायनिन म्हणतात. मुलांनी एक प्रयोग करून पाहावा. आमसुलाच्या लाल पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकावा. लाल रंग जाऊन निळसर काळपट होतो. आंबटपणा गेला की रंग बदलतो. सोलकढीचा गुलाबी रंग टिकतो कारण ती आंबट असते.

आता तिने पोटाला काय होते? जेवण जड झाले असता आंबट, गार आणि जिरे-लसूण घातलेले पातळ पेय घेतल्याने तोंडाला चव येते आणि हलके वाटते, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. कोकमातील हायड्रॉक्सिसिट्रिक आम्लाच्या गोळ्या वजन घटवण्यासाठी विकल्या जातात. त्या गोळ्यांचा आणि वाटीभर सोलकढीचा काही संबंध जोडू नये. ज्यांना छातीत जळजळ होते, घशाशी आंबट येते, त्यांना आमसूल, मिरची आणि लसूण हे तिन्ही त्रास देऊ शकतात. कोकम पित्तशामक आहे असे ऐकून अशा माणसाला तीन वाट्या पाजू नयेत. नारळाचे दूध स्निग्ध असते, तेव्हा ज्यांच्या हृदयाला पथ्य आहे त्यांनी लहान वाटीवर थांबावे.

ओवा, बडीशेप, जिरे

पोट फुगले, गुबारा धरला तर आजी ओवा चावायला देते. ओव्याचा झणका थायमॉल या द्रव्याचा असतो. येथे डोंगरउतारावर उगवणाऱ्या झातारच्या पानांतही तेच द्रव्य आणि त्याचे भावंड कार्वाक्रोल असते. म्हणून कोकणातून नवीन आलेल्या म्हातारीला झातारच्या रोटीत ओव्याचा वास आला तर ती चुकत नाही. बडीशेपेला येथे ‘शुमार’ म्हणतात आणि ती रस्त्याकडेला रानातही वाढते. रस्त्याकडेची तोडून मात्र आणू नये. तिच्यासारखी दिसणारी विषारी रोपेही असतात, आणि गाड्यांचा धूर असतो तो वेगळाच. जिरे म्हणजे ‘कमोन’. ते येशायाहूच्या ग्रंथातही आहे. शेतकरी जिरे काठीने झोडतो, त्यावर गाड्याचे चाक फिरवत नाही, असे तेथे म्हटले आहे.

नावांचा एक घोटाळा येथे सांगून ठेवावा. हिब्रूत ‘मार्वा’ म्हणजे सेज, जी येथे चहात घालतात. मराठीत ‘मरवा’ म्हणजे वेणीत गुंफतात ती सुवासिक पाने. दोन्ही वनस्पती एका कुळातल्या, पण वेगळ्या आहेत. सेजच्या पानांतील थुजोन फार प्रमाणात पोटात जाणे चांगले नाही आणि गरोदर बाईने तर तो चहा नेमाने पिऊ नये. आजीने ‘मरवा घाल’ म्हटले आणि सुनेने मार्वा घातली असे व्हायला नको.

पोटाच्या पाण्याचे माप साधे आहे. एक चमचा बडीशेप, अर्धा चमचा जिरे आणि पाव चमचा ओवा खलबत्त्यात जेमतेम भरडावे. पूड करू नये, नाहीतर गाळताना पाणी गढूळ येते. 300 मिलिलिटर पाण्यात घालून मंद आचेवर पाच मिनिटे ठेवावे, मग झाकून दहा मिनिटे निवू द्यावे. दोन लहान कप होतात. बडीशेपेतील अ‍ॅनेथोल आणि पुदिन्यातील मेंथॉल आतड्याच्या स्नायूंचा ताण सैल करतात, म्हणून कळ कमी होते आणि वारा सरतो. पण मेंथॉल जठराच्या वरच्या तोंडाचा स्नायूही सैल करते. त्यामुळे ज्यांना आधीच जळजळ आहे त्यांना पुदिन्याने ती वाढू शकते. आल्याचा गुण मळमळीवर सर्वांत चांगला सिद्ध झालेला आहे, गरोदरपणातील मळमळीवरसुद्धा. तरी गरोदर बाईने प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

यापुढचे वडीलधाऱ्यांनी नीट वाचावे. छातीत दाटले, डावा हात किंवा जबडा जड झाला, दरदरून घाम सुटला, आणि घरात कोणी म्हणाले, ‘गॅस असेल, ओव्याचे पाणी दे,’ तर ते पाणी करायला लागणारी पंधरा मिनिटेही घालवू नयेत. हृदयविकाराचा झटका कित्येकदा पोटातील गॅससारखाच वाटतो, बायकांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये तर अधिकच. अशा वेळी 101 ला फोन करावा. गॅसच होता असे नंतर निघाले तर रुग्णवाहिकेचे लोक रागावत नाहीत. शौचात रक्त येणे, शौच डांबरासारखे काळे होणे, कारण नसताना वजन उतरणे, गिळताना अडकणे, या गोष्टीही कोणत्याही पाण्याने बऱ्या होणाऱ्या नाहीत. त्या ‘कुपात होलिम’मध्ये जाऊन दाखवायच्या आहेत. बडीशेपेचे पाणी हे मिश्नातील तहानेच्या पेयासारखे आहे. निरोगी माणूसही ते पितो. ज्याला औषधच हवे त्याला ते औषध म्हणून पाजले की दोघांचीही फसगत होते.

जुलाबात काढा देऊ नये. जुलाबात शरीरातून पाणी आणि क्षार निघून जातात आणि तेच परत घालायचे असतात. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ हे जगभर शिकवले जाणारे माप आहे. मीठ जास्त पडले तर लहान मुलाला ते घातक ठरते, म्हणून येथे ‘अंदाजाने’ हा शब्द पूर्ण वर्ज्य. औषधाच्या दुकानातील तयार पुडी मिळाली तर ती अधिक चांगली. 1971 मध्ये बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली. शिरेतून द्यायचे सलाइन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असे साखर-मिठाचे पाणी पिंपांतून पाजले आणि असंख्य माणसे वाचली. आपल्या आजारपणातील मीठ घातलेली तांदळाची पेज याच्याच जवळची. तांदळाच्या पिठुळपणातूनही आतड्याला हवी ती साखर मिळते. सोलकढी, काढा, ओव्याचे पाणी या सगळ्यांपेक्षा पेजेने अधिक माणसे उभी केली असतील, पण तिच्या रंगीत पुड्या निघत नाहीत.

सर्दीचा काढा आणि प्रतिकारशक्ती

2020 मध्ये कोरोनाची साथ आली तेव्हा भारताच्या आयुष मंत्रालयाने एका काढ्याची शिफारस केली. तुळस चार भाग, दालचिनी दोन भाग, सुंठ दोन भाग, काळी मिरी एक भाग. हे वाचून कित्येक घरांत म्हणाले असतील, हा तर आमचाच काढा. खरेच, त्यात परके काही नव्हते. पण पुढे घरोघरी त्यात गुळवेल, जेष्ठमध आणि हाताला येईल ते पडू लागले. दिवसातून चार चार वेळा, महिनोन्‌महिने लोक ते पीत राहिले. मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल नेमाने घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे 2021 मध्ये प्रसिद्ध केले. हा सरळ कोस इकारीनचा प्रकार झाला.

प्रतिकारशक्ती म्हणजे काही टाकीतले पाणी नव्हे की वरून ओतले आणि पातळी चढली. रक्तातील निरनिराळ्या पेशी, त्यांनी बनवलेली प्रतिद्रव्ये, त्वचा, आतड्याचे अस्तर, ताप या सगळ्यांचा तो एकत्रित बंदोबस्त आहे. तो भलत्या वेळी फार चढला तर दमा, संधिवात, अ‍ॅलर्जी असे त्रास होतात. तेव्हा ‘वाढवणे’ हा शब्दच जपून वापरावा. पुरेशी झोप, पोटभर साधे जेवण, धूम्रपान नसणे आणि हिवाळ्याआधी घेतलेली फ्लूची लस हे त्या बंदोबस्ताला खरे उपयोगी. लशीचे काम काढा करत नाही. काढा पिणाऱ्यानेही लस घ्यावी आणि मग काढा प्यावा.

मग काढ्याने काय होते? गरम पाणी आणि वाफ यांनी चोंदलेले नाक मोकळे वाटते. शरीरात पाणी जाते. आल्याचा तिखटपणा घशाला शेकतो. मधाने खोकल्याची उबळ कमी होते, लहान मुलांमध्येसुद्धा. मात्र एक वर्षाच्या आतील बाळाला मधाचे बोटही चाटवू नये. मधात कधी कधी असे जंतुबीज असते की बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करते. बारशाच्या दिवशी जिभेला मध लावणाऱ्या आज्यांना हे ऐकायला कठीण जाते. तरी सांगितलेच पाहिजे.

दोन माणसांच्या काढ्याचे माप असे लिहून ठेवावे. पाणी 500 मिलिलिटर. आले 10 ग्रॅम, म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढा तुकडा, ठेचून. दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा. मिरे चार, लवंगा दोन. हे झाकून मंद आचेवर दहा मिनिटे. आच बंद केल्यावर गवती चहाची दोन लांब पाती कापून आणि तुळशीची आठ-दहा पाने घालून झाकण ठेवावे, सात मिनिटे. गाळून, पिण्याजोगे कोमट झाल्यावर मध किंवा सिलान, आणि अर्ध्या लिंबाचा रस. लिंबू उकळत्या पातेल्यात पिळू नये. त्यातील क जीवनसत्त्व उष्णतेने नाहीसे होते आणि साल पडली असेल तर कडूपणा तेवढा उतरतो. दिवसातून एक-दोन कप, सर्दी असेतोवर. सर्दी गेली की काढाही थांबवावा.

बाजारातील दालचिनी दोन जातींची असते. जाड, कडक सालीची कॅसिया आणि कागदासारख्या पातळ थरांची सिलोनी. कॅसियात कुमारीन अधिक असते आणि ते रोज पोटात गेले तर यकृताला बरे नाही. कधीमधी करणाऱ्याने चिंता करू नये. रोज पिणाऱ्याने सिलोनी शोधावी.

जेष्ठमध गोड लागते, घशाला आराम देते, म्हणून काढ्यात घालण्याचा मोह होतो. रक्तदाब असणाऱ्यांनी ते अजिबात घालू नये. त्यातील ग्लिसिरायझिनने शरीरात मीठ-पाणी साठते, पोटॅशियम उतरते आणि रक्तदाब चढतो. गोळी चालू असूनही दाब का उतरत नाही असा प्रश्न डॉक्टरांना पडतो. आजोबा मात्र काढ्याविषयी बोलत नाहीत, कारण काढा म्हणजे औषध असे त्यांना वाटतच नाही. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर हळद, आले, लसूण जेवणात असतात तेवढेच ठेवावे, त्यांचे दाट काढे घेऊ नयेत. वनस्पतीने गोळीचे काम बिघडते यावर विश्वास बसत नसेल तर येथल्या ‘एश्कोलीत’चे उदाहरण घ्यावे. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांबरोबर त्याचा रस पिऊ नका असे डॉक्टर स्वतः सांगतात. दवाखान्यात गोळ्यांची यादी सांगताना काढ्याचे साहित्यही त्याच यादीत सांगावे.

वहीत उतरवताना

आजीचे माप मिळवायची एक रीत आहे. तिला विचारत बसू नये. तिला नेहमीप्रमाणे करू द्यावे आणि ती जे मुठीत घेईल ते पातेल्यात पडण्याआधी स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर ठेवावे. पाणी आधी मापून भांड्यात भरून द्यावे. घड्याळ लावावे आणि तिने आच बंद केली की मिनिटे लिहावी. असे तीन वेळा, वेगवेगळ्या दिवशी करावे. तिन्ही वेळचे आकडे बहुधा इतके जवळ येतात की नातवाला नवल वाटते. मग चवीत बदल करायचा तर एका वेळी एकच वस्तू बदलावी. आले वाढवले, मिरे कमी केले आणि तुळशीऐवजी लुईझा घातली, तर काढा कशाने बिघडला हे कळत नाही.

बाटलीत भरून ठेवायचे असेल तर अधिक जपावे. काढा शीतकपाटात दोन दिवस राहतो. सोलकढी त्याच दिवशी संपवावी. हमसीनच्या दिवसांत ती टेबलावर दोन तासही ठेवू नये. घरची बाटली दुसऱ्यांना विकण्याची कोणाला इच्छा झाली तर त्याचे परवाने, तपासणी आणि हेक्शेर हा निराळाच व्याप आहे. निदान बाटलीवर ‘प्रतिकारशक्ती वाढते’ असे लिहू नये.

शब्बाथसाठी काढा शुक्रवारी, मेणबत्त्या लावण्याआधी करून थर्मासमध्ये भरावा. पाने गाळून टाकावीत, म्हणजे रात्रभर कडू होत नाही. पेसाहच्या आधी धणे, जिरे, मेथी विकत घेताना लक्ष ठेवावे. या दाण्यांत गव्हाचे दाणे मिसळलेले सापडतात. पांढऱ्या ताटात पसरून एकेक दाणा पाहावा लागतो. हे काम घरातील तरुण डोळ्यांकडे द्यावे. किद्दूशसाठी काळ्या मनुका भिजवून आपल्याकडे जे सरबत करतात त्याचेही माप याच वहीत हवे. ते औषध नाही, पण आजीशिवाय ते करता येणारी माणसे कमी होत चालली आहेत.

पुढच्या वर्गाला येताना प्रत्येकाने आपल्या घरच्या एका पेयाचे वजन, पाणी आणि मिनिटे लिहून आणावी. आजी रागावली तर वजनकाटा बाजूला ठेवून आधी काढा प्यावा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारावे.